पिंपावरची साय

ओदीलनं फोन ठेवला, माझ्या उघड्या बॅगेतला स्वेटर काढून त्याची पुन्हा घडी घातली, कारण मी घातलेली घडी तिला कधीच पटत नाही, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लुदोविक, या खेपेला तू तळघरात उतरला नाहीस तर बरं."

मी वाकून पायमोज्याचा जोडीदार शोधत होतो. तसाच वाकलेला राहिलो. "का?"

"बाबांना आवडत नाही."

"ते लग्न झाल्यापासून माहीत आहे. यंदा नवीन काय?"

"नवीन कशाला काय हवंय? उगाच फाटे फोडू नकोस. सुट्टीवर चाललोय, सुट्टीसारखं राहू."

एवढंच. पायमोजा सापडला, बॅग बंद झाली, गाडी लिओं सोडून उत्तरेला लागली, पण ते वाक्य दातात अडकलेल्या मांसाच्या धाग्यासारखं अडकून राहिलं आणि मी जिभेनं त्याला ढोसत राहिलो. चिडलो होतो हे कबूल. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. ऑगस्टच्या आधी गिऱ्हाइकं सुट्टीतल्या उन्हाचे चष्मे न्यायला येतात आणि विचारतात, तुम्ही कुठे? मी म्हणतो, ज्युराला, बायकोच्या माहेरी, त्यांचा द्राक्षमळा आहे. मग सगळ्यांचे चेहरे एकसारखे होतात. वा, भाग्यवान आहात बुवा! द्राक्षमळ्यात सुट्टी! त्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला चांगलं ठाऊक आहे: टेकडीवरच्या ओळी, थंड तळघर, सासरेबुवांनी खांद्यावर हात टाकून पुढे केलेला पेला. माझ्या डोळ्यांसमोर अक्रोडाखालची खुर्ची येते. तिथे मला बसवून ठेवतात. ताट उचलायला गेलो तर "राहू द्या, राहू द्या," टोपली धरायला गेलो तर "अहो, सुट्टीवर आलात ना!" पहिल्या वर्षी वाटलं, जावयाचा मान आहे. तिसऱ्या वर्षी कळलं की मान नव्हे, ही कुंपणाची तार आहे, फक्त तिला सुतळी गुंडाळलीय.

आणि तळघराचं म्हणाल तर त्याला कारण आहे, आणि त्या कारणाला कारण मीच. मी बर्गंडीचा. माझे वडील दुसऱ्याच्या तळघरात पिंपं सांभाळायचे. लाकूड वाइन पितं, पिंपात वरती बोटभर जागा रिकामी होते, आणि आमच्याकडे ती रिकामी जागा म्हणजे घरात शिरलेला चोर. दर आठवड्याला बाबा लांब चोचीची झारी घेऊन प्रत्येक पिंपाचं बूच काढायचे आणि काठोकाठ भरायचे. मी मागे मेणबत्ती धरून. भरत आलं की आवाज चढत जातो, जाड आवाज बारीक होतो, आणि अगदी शेवटी एक हुंदक्यासारखा ठसका येतो, की झारी उचलायची. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. तर मी असा माणूस पहिल्यांदा ज्युराच्या तळघरात उतरलो, कोपऱ्यातल्या पिंपावर टिचकी मारली, वरचा तिसरा हिस्सा पोकळ वाजला आणि माझ्या तोंडून गेलं, "अहो, हे तर रिकामं होतंय! भरू का?"

त्या दिवशी सगळं घर हसलं ते आजतागायत हसतंय. कारण त्यांची पिवळी वाइन अशीच होते. ती भरायचीच नसते. पिंपात पोकळी पडू द्यायची, त्या पोकळीत वाइनवर एक पातळ करडी साय धरते, आणि त्या सायीखाली सहा वर्षं आणि वर काही महिने वाइन आपली आपण बसून राहते. कुणी हात लावायचा नाही, हलवायचं नाही, भरायचं तर नाहीच नाही. साय बुडाली की संपलं. लाल वाइनची पिंपं ते आमच्यासारखीच भरतात, तीच झारी तिथेही खिळ्याला टांगलेली असते. पण तो कोपरा नाही. माझा मेहुणा गोंत्रान तेव्हापासून मला दारातच विचारतो, "काय दाजी, भरू का?" आणि सासरे, आन्सेल्म, ज्यांना मी एरवी फार मानतो, तेसुद्धा जेवताना माझा पेला रिकामा दिसला की बाटली पुढे करून म्हणतात, "जावईबापू, पोकळी सहन होत नाही ना तुम्हाला?" खरंच होत नाही. गप्पा थांबल्या की मी काहीतरी बोलतो. जिन्यात शेजारी भेटला की हवामान काढतो. ओदीलच्या घरातली माणसं एकेक तास न बोलता बसू शकतात आणि त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. मला घाम फुटतो.

या वेळी पोचलो तेव्हा गोंत्रान काही म्हणालाच नाही. त्याचं डोकं दुसरीकडे होतं. कोपऱ्यातलं जुनं पिंप या हिवाळ्यात बाटल्यांत उतरायचं होतं, आणि ते साधं पिंप नव्हतं. सासूबाईंनी, लुसेतनी, शेवटची द्राक्षं तोडली त्या सालचं होतं. त्या सालची तोडणी त्यांनी डोक्याला रुमाल बांधून, दर चार वेलींनी थांबत, पुरी केली होती आणि वसंत येईपर्यंत त्या गेल्या. तेव्हापासून आन्सेल्म त्या पिंपाला 'ती' म्हणतात. "ती कशी आहे बघून येतो." बघून येतो म्हणजे नुसतं शेजारी उभं राहून येतो. तळघराची किल्ली त्यांच्या कमरेला असते. गोंत्रान चाळिशी ओलांडून गेला, मळा तोच कसतो, तरी किल्ली मागून घ्यावी लागते. त्यावरून त्याच्या मनात काय काय साचलंय ते त्याच्या ब्रेड तोडण्यावरून कळतं.

मी शहाण्यासारखा अक्रोडाखाली बसलो. ऊन, गांधीलमाश्या, टेकडीवर कुणाच्या तरी ट्रॅक्टरची घरघर. खुर्चीच्या पट्ट्या मांडीत रुतत होत्या. मी एक पुस्तक आणलं होतं, त्याचं तेच पान वाचत होतो. मला राग नेमका कशाचा येतोय हे मी स्वतःला विचारत होतो, दुकानात भिंगं बदलत विचारतो तसं: आता नीट दिसतं, की मघाशी? तळघरात जायचं नाही म्हणून राग? मला कुठे जायचं होतं? पण तिनं सांगितलं, आणि तेही लिओंच्या घरात, माझ्या बॅगेपाशी उभं राहून सांगितलं, म्हणजे ते कुंपण आता आमच्या खोलीपर्यंत आलं.

तिसऱ्या सकाळी मी पीच धुवायला बाहेरच्या नळावर गेलो. तेवढं काम मला मिळालं होतं. नळाच्या शेजारी, जमिनीलगत, तळघराचा झरोका आहे. नळ बंद केला आणि खालून आवाज आला. जाड, मग जरा बारीक, मग आणखी बारीक. माझ्या पाठीचा कणा आधी ताठ झाला आणि डोक्याला मागाहून समजलं. मी हातातले पीच तसेच धरून गुडघ्यांवर बसलो आणि झरोक्यातून पाहिलं. आन्सेल्म कोपऱ्यातल्या पिंपापाशी उभे होते, लांब चोचीची झारी वाकवून. अगदी नीट ओतत होते. माझ्या वडिलांचाही हात इतका स्थिर नसायचा. आणि ते बोलत होते, हळू, लाडानं, कुणाला तरी औषध पाजावं तसे, "झालं हं, झालं, एवढंच." मग तो ठसका आला. त्यांनी झारी उचलली, बूच ठोकलं, फडक्यानं पुसलं.

मी हाक मारायला हवी होती. आवाज वर झाला तेव्हाच मारली असती तर काही वाचलं असतं का? नसतं. साय पहिल्याच धारेला मोडते. पण मी गप्प राहिलो ते हा हिशेब करून नव्हे. मी गप्प राहिलो कारण मला तळघरात जायचं नव्हतं, तिथलं काही बघायचं नव्हतं, माझा तिथे संबंध नव्हता. आज्ञाधारक मुलासारखा मी पीच घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि परडीत रचून ठेवले.

दुपारी जेवणाआधी आम्ही ओसरीवर बसलो होतो. चीजचे तुकडे, अक्रोड, पेले. गोंत्राननं बापाकडून किल्ली मागून घेतली, खाली गेला आणि वर आला तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता. "ते भरलंय," तो म्हणाला. "आईचं पिंप. काठोकाठ भरलंय कुणीतरी."

कुणीतरी. इतकी मोठी ओसरी, त्यात चार माणसं, किल्ली एरवी त्यांतल्या एकाच्याच कमरेला, आणि तरी त्या 'कुणीतरी'नं वळसासुद्धा न घेता सरळ माझ्यापर्यंत यावं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आन्सेल्मनीही पाहिलं. मी त्यांचे डोळे शोधले, त्यांत कुठे चलबिचल आहे का ते पाहिलं. नव्हती. स्वच्छ, दुखावलेले, संतापानं ओले झालेले डोळे. त्यांना ठाऊकच नव्हतं. सकाळ त्यांच्यातून पुसली गेली होती. मी ओदीलकडे पाहिलं. ती टेबलावरचा ब्रेडचा चुरा बोटानं एका जागी गोळा करत होती.

"दाजी," गोंत्रान म्हणाला, "गंमत होती ती. एवढी वर्षं आम्ही गंमत करत होतो. तुम्ही खरंच..."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सांगावं तर म्हाताऱ्याला त्याच्या मुलासमोर उघडं पाडायचं, की तुमचं डोकं गेलंय, तुमच्या हातानं तुम्ही तिला बुडवलंत. न सांगावं तर... ओदील अजून चुराच गोळा करत होती. मला वाटलं होतं, ती एक वाक्य बोलेल. 'लुदोविक असं करणार नाही,' एवढं. खरं असो-नसो, बायको म्हणून. ती बोलली नाही, आणि मग मला इतकी चीड आली की मी त्या चिडीतच म्हणालो, "हो. मीच भरलं. सवय आहे."

मोठेपणा नव्हता त्यात. घ्या, एकदाचं घ्या, असं होतं ते.

गोंत्राननं पेला भिंतीवर फोडला. ते मी सोसलं. पण मग आन्सेल्म उठले, टेबलाला धरत धरत माझ्यापाशी आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे," ते म्हणाले. "बर्गंडीत जन्मला, त्याला कोण काय करणार. लुसेत असती तर हसली असती. गोंत्रान, ओरडू नकोस त्याच्यावर." मला क्षमा झाली. ज्यानं केलं त्यानंच डोक्यावर हात ठेवून मला क्षमा केली, मनापासून केली, आणि मला मान खाली घालून ती घ्यावी लागली. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांना आयुष्यभर दुवा दिला असता.

वरच्या खोलीत खिडकीच्या झडपा लावलेल्या होत्या. ओदील पलंगाच्या कडेला बसली होती. मी दार लावलं.

"मी केलेलं नाही ते."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जूनमध्ये मी एकटी आले होते ना. तेव्हा एकदा त्यांनी दोन माणसांचं टेबल मांडलं. मी आणि ते असतील म्हणून मी बसले. तर मला म्हणाले, तू उठ, ती येईल आता." तिचा आवाज सपाट होता. "एकदा झारी घेऊन त्या कोपऱ्यात उभे होते. मी हाक मारली तर दचकले. म्हणाले, तिला तहान लागलीय."

"आणि म्हणून मी तळघरात जायचं नाही."

"तुला दिसलं असतं."

"मग दिसू दे ना! मी कोण आहे, ओदील? गॅस तपासायला आलेला माणूस? एक शब्द सांगितला असतास तर मी त्या कोपऱ्यात खाट टाकून झोपलो असतो. वाचली असती ना ती वाइन!"

"तुला सांगितलं असतं तर तू काहीतरी केलं असतंस. डॉक्टर काढला असतास, गोंत्रानशी बोलला असतास. तुला रिकामं ठेवता येत नाही. आणि गोंत्रानला कळलं की तो त्याच दिवशी किल्ली काढून घेईल. किल्ली गेली की बाबा संपले. तुला कळतंय का?"

"कळतंय. पण ओसरीवर तू तोंड का नाही उघडलंस? माझं नाव घेतलं त्यानं!"

ती बराच वेळ गप्प राहिली. मी ती पोकळी भरली नाही. आयुष्यात प्रथमच भरली नाही.

"तुझं काय जाणार होतं?" ती शेवटी म्हणाली. "त्यांचं सगळं गेलं असतं. तुझं काय? तू तर सुट्टीवर आलायस."

ती हे वाईट बुद्धीनं म्हणाली नाही. तेच तर. थकून, सहज म्हणाली, पाणी दे म्हणावं तसं. मला वाटलं होतं की मी इथे नुसता पाहुणा आहे हे तिच्या बापाला वाटतं, भावाला वाटतं, आणि तिला त्यांचा राग आहे. आम्ही दोघं एका बाजूला आहोत. इतकी वर्षं परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. आता मला कळेना की ती तेव्हा कुणाला हसत होती. मी झडप थोडी उघडली. खाली आन्सेल्म वेलींच्या पहिल्या ओळीपाशी उभे राहून एकेक पान उलटून बघत होते, आणि कुणी लांबून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय सुखी म्हातारा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरायला घेतली होती. ओदील आणि गोंत्रान स्वयंपाकघरात होते. जिन्याखालून हाक आली, "लुदोविक! ए लुदोविक, ये बघू जरा." जावईबापू नाही. नुसतं नाव, घरातल्या माणसाला मारतात तशी हाक. मी खाली गेलो. आन्सेल्म तळघराच्या दारात किल्ली घेऊन उभे होते. "चल. दोन हात हवेत मला." आणि मी गेलो, चपला सावरत, हसत सुद्धा असेन. माणूस किती हलका असतो. काल त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवून क्षमा केली होती. आज त्यांना त्यातलं काही आठवत नसावं, आणि ती क्षमा एकट्या माझ्यापाशीच उरली होती.

खाली ओल्या मातीचा, अक्रोडाचा, जुन्या लाकडाचा वास. त्यांनी खिळ्यावरची झारी काढून भरली आणि कोपऱ्यात गेले. कालच्या पिंपाच्या शेजारचं पिंप, त्यापुढच्या सालचं. टिचकी मारली. पोकळ वाजलं. "ऐकलंस? केवढं खाली गेलंय. माझे हात आता दुखतात. तू धर, तुला येतं हे. तुझ्या बापानं शिकवलंय ना?" असं म्हणून त्यांनी झारी माझ्या हातात दिली. तिचं वजन हाताला लगेच ओळखीचं वाटलं. हे मी लपवत नाही: एक क्षण मला ओतायचं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काम सांगितलं होतं, माझ्या बापाचं नाव घेऊन सांगितलं होतं. एक पिंप गेलंच होतं, दुसरंही गेलं असतं, आणि त्या बदल्यात आम्ही दोघांनी मिळून एक काम केलं असतं. त्यांनी बूच काढलं. आतून तो थंड, कडसर वास आला.

"आधी चव बघू या का?" मी म्हटलं. "भरण्याआधी आमच्याकडे बघतात." हे खोटं होतं.

ते थांबले. मग पिंपाच्या पुढच्या बाजूची छोटी लाकडी खुंटी त्यांनी अंगठ्यानं ढिली केली, बारीक धार पेल्यात घेतली, खुंटी पुन्हा बसवली. हे त्यांचे हात आपोआप करत होते. पेला नाकाशी नेला. घोट घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि ते परत आले ते मला दिसलं. कपाळापासून खाली, हळूहळू, आपल्या जागेवर परत आले. त्यांनी पिंपाकडे पाहिलं, काढून ठेवलेल्या बुचाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या झारीकडे पाहिलं.

"हे काय करतोस?" ते ओरडले. "कुणी सांगितलं तुला? काल एक बुडवलंस, ते पुरलं नाही? बाहेर हो! हो बाहेर!" त्यांनी बूच ठोकलं, पिंपाला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभे राहिले, माझ्यापासून ते वाचवत. म्हणजे काल मी बुडवलं होतं, हे त्यांच्या लक्षात होतं. नेमकं तेवढंच राहिलं होतं.

मी पायऱ्या चढू लागलो. आरडाओरडा ऐकून ओदील धावत खाली येत होती. मधल्या पायरीवर आम्ही समोरासमोर आलो. तिनं खाली बापाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या भरलेल्या झारीकडे, मग माझ्याकडे. तिला सगळं ठाऊक होतं. जून ठाऊक होता, काल ठाऊक होता. आणि तरी तिनं विचारलं, अगदी हलक्या आवाजात, "या वेळी खरंच तू... भरायला निघाला होतास का?"

ती चिडून विचारत नव्हती. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते आधी कळलं नाही. ती आशेनं विचारत होती. मी हो म्हणावं, मी मूर्ख निघावं, आडमुठा बर्गंडीवाला निघावं, म्हणजे तिचे बाबा आज सकाळी तरी ठीक असतील. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती माझ्याकडे इतक्या आशेनं बघत नव्हती. आणि हो म्हणणं अवघड नव्हतं. काल म्हटलंच होतं.

"नाही," मी म्हटलं.

ती पायरीवर बसली. मी झारी भिंतीशी ठेवली आणि एक पायरी खाली बसलो, कारण दोघांना एका पायरीवर जागा नव्हती. वरून गोंत्रान विचारत होता, आता काय झालं, आता काय झालं.